अमेरिकन कोरींव चित्रें व त्यांचें ऐतिहासिक प्रमाण

ज्याचा कागद कोठेंहि उपलब्ध नाहीं, परंतु ज्याचें चित्र साऱ्या देशाच्या डोळ्यांपुढें उभें आहे, असा एक तह अमेरिकेच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. पेन्सिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन यानें इ. स. १६८२ च्या सुमारास डेलावेअर नदीच्या कांठीं शॅकामॅक्सन येथें एका मोठ्या एल्म वृक्षाखालीं लेनापे लोकांच्या नायकांशीं स्नेहाचा करार केला, अशी परंपरा आहे. कराराचा मूळ लेख सांपडलेला नाहीं. तो वृक्ष १८१० च्या वादळांत उन्मळून पडला, आणि त्याच्या लांकडाच्या लहानमोठ्या वस्तु करून लोकांनीं त्या देवघरांतील टांकांसारख्या जपून ठेवल्या. शिंपल्यांच्या मण्यांचा एक विणलेला पट्टा या प्रसंगीं लेनापे लोकांनीं पेनला दिला असें सांगतात. तो पेनच्या पणतूनें १८५७ सालीं पेन्सिल्व्हेनियाच्या ऐतिहासिक मंडळास अर्पण केला. पुरावा म्हणण्यासारखें एवढेंच. असें असूनहि पेन कोठें उभा होता, त्याचा हात कसा पसरला होता, कापडाचा गठ्ठा कोणी उलगडला होता, हें सर्व तेथील शाळकरी मुलालाहि ठाऊक असे. कारण तें त्यानें चित्रांत पाहिलेलें असे.

तें चित्र बेंजामिन वेस्ट यानें १७७१-७२ मध्यें लंडनांत काढलें. म्हणजे प्रसंगानंतर सुमारें नव्वद वर्षांनीं. १६८२ मध्यें पेनचें वय अडतीसच्या आंतबाहेर होतें. चित्रांतील पेन हा स्थूल, उतारवयाचा गृहस्थ आहे. मागें विटांचीं पक्कीं घरें दिसतात, तशीं घरें त्या वेळीं तेथें नव्हतीं. वसाहतवाल्यांचा पोषाखहि वेस्टच्या बालपणींचा आहे. या चुका सांगून टीकाकार सहसा थांबतात. आम्हांस मात्र चित्र कोणी काढविलें हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. तें काढविलें विल्यम पेनचा मुलगा टॉमस पेन यानें. याच टॉमसच्या अमलांत, १७३७ सालीं, एक जुना दस्तऐवज पुढें करण्यांत आला, आणि दीड दिवसांत माणूस जितका चालेल तितका मुलूख पेन घराण्यास मिळावा असा त्याचा अर्थ ठरला. मग कारभाऱ्यांनीं अगोदर रान तोडून वाट साफ करविली, तीन चपळ माणसें पैसे देऊन लावलीं, आणि त्यांतील एक जण ठरल्या मुदतींत साठ मैलांहून अधिक दूर गेला. लेनापे लोकांचा वडिलोपार्जित मुलूख एवढ्या युक्तीनें गेला. पुढें १७६० नंतर पेन घराण्याची सत्ता काढून वसाहत राजाच्या हवालीं करावी अशी खटपट फ्रँकलिनप्रभृति मंडळींनीं चालविली. तिच्या पाठोपाठच बापाच्या सचोटीचें हें भव्य चित्र निघालें. १६८२ च्या कराराविषयीं तें फारसें सांगत नाहीं. परंतु १७७१ मध्यें टॉमस पेनला लोकांनीं कशाची आठवण ठेवावी असें वाटत होतें, आणि कशाची ठेवूं नये असें वाटत होतें, त्याचा तो अस्सल कागद आहे.

या चित्रावरून जॉन हॉल यानें तांब्याचा पत्रा कोरला व जॉन बॉयडेल यानें १७७५ मध्यें लंडनांत तो छापून प्रसिद्ध केला. अमेरिकेंत जें चित्र घरोघर पोंचलें तें वेस्टचें रंगचित्र नव्हे, तर या छापाच्या नकला व नकलांच्या नकला. पुस्तकें, चिनी मातीचीं ताटें, पडद्यांचें कापड, सर्वत्र हाच पेन व हेंच झाड. न्यूयॉर्कच्या नॅथॅनिएल करियर यानें काढलेल्या शिळाछापाच्या खालीं, कधींहि न मोडलेला एकमेव तह, अशा आशयाची ओळ आहे. व्हॉल्टेरनें केलेली या तहाची स्तुति पुष्कळांच्या कानांवर होती, तिचाच हा पडसाद. त्याच ओळींत वसाहतीच्या स्थापनेचें वर्ष १६६१ असें पडलें आहे. वसाहतीची सनद १६८१ ची. १६६१ मध्यें पेन सोळासतरा वर्षांचा मुलगा होता. आठाचा सहा झाला. पोथ्यांच्या नकला ज्यांनीं ताडून पाहिल्या आहेत त्यांस या लेखकप्रमादाचें नवल वाटणार नाहीं.

आमच्या इतिहासांत यास समांतर असें एक चित्र वाचकांच्या परिचयाचें आहे. १७९० सालीं सर चार्ल्स मॅलेट यानें पेशव्यांच्या दरबारांत टिपूविरुद्ध तह केला, तो प्रसंग टॉमस डॅनियल यानें १८०५ मध्यें विलायतेंत रंगविला, आणि चार्ल्स टर्नर यानें १८०७ मध्यें त्याचा कोरींव छाप काढला. डॅनियल दरबारांत नव्हता. जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून त्यानें काम केलें, आणि वेल्सहि तहानंतर पुण्यास आलेला. परंतु वेल्सनें माणसें व वाडे प्रत्यक्ष पाहिले होते, आणि तहाचा मजकूर स्वतंत्रपणें उपलब्ध आहे. म्हणून या चित्राची परीक्षा करतां येते. पेनच्या चित्राची तशी सोय नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत वसाहतकालीन प्रसंगांचीं चित्रें इतकीं कां निघालीं, हें समजण्यास तीं कशीं निघत याची थोडी माहिती हवी. तांब्याच्या पत्र्यावर अणकुचीदार पोलादी कलमानें रेघा कोरावयाच्या, त्यांत शाई भरावयाची, वरचा भाग पुसून ओला कागद दाबावयाचा, ही जुनी रीत. तांबें मऊ, कांहीं शेंकडे प्रती निघाल्या कीं रेघा झिजतात. मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्टचा जेकब पर्किन्स यानें नोटांच्या छपाईसाठीं पोलादी पत्रे कोरण्याची युक्ति प्रचारांत आणली व १८१९ मध्यें तो ती घेऊन इंग्लंडास गेला; १८४० चें पहिलें पोस्टाचें तिकीट त्याच्याच कंपनीनें छापलें. पोलादावरून हजारों प्रती निघूं लागल्या. परंतु कोरण्याचें काम फार सावकाश चाले. ट्रंबुलच्या स्वातंत्र्यघोषणेच्या चित्रावरून आशर ड्युरंड यानें पत्रा कोरला, त्यास १८२० पासून १८२३ पर्यंत वेळ लागला. (जातां जातां सांगतों: तें चित्र ४ जुलै १७७६ च्या सह्यांचें नव्हे, २८ जून रोजीं मसुदा सभेपुढें ठेवला, तो प्रसंग त्यांत आहे.) पुस्तकांतील चित्रांसाठीं मात्र लांकडी ठसे सोयीचे, कारण ते खिळ्यांबरोबर एकाच पानांत बसत. बॉक्सवुड नांवाच्या घट्ट लांकडाच्या आडव्या कापावर कोरलेले हे ठसे न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर अँडरसननें तेथें रूढ केले. शेवटची रीत शिळाछापाची. पोथ्या व पंचांगें यांच्यामुळें ती आपणांस चांगली परिचित असल्यानें वर्णन करीत नाहीं. करियर व १८५७ पासून त्याचा भागीदार आयव्हज यांच्या दुकानानें १९०७ पर्यंत सात हजारांहून अधिक निरनिराळीं चित्रें काढलीं. बायका ओळीनें बसून एकेक रंग भरीत, आणि लहान छाप पंचवीस सेंटांच्या आंत मिळे. म्हणजे शेतकऱ्याच्या भिंतीवरहि इतिहास टांगला जाऊं लागला. आणि भिंतीवर जें रोज दिसतें तें खरें वाटूं लागतें.

संग्राहकानें चित्र हातीं आल्यावर प्रथम खालचा समास वाचावा. पोथीच्या शेवटीं जशी पुष्पिका, तशी येथें बारीक अक्षरांची ओळ असते. डावीकडे मूळ चित्रकाराच्या नांवापुढें 'पिंक्सिट' म्हणजे 'यानें रंगविलें', किंवा 'डेलिनिएव्हिट' म्हणजे 'यानें रेखाटलें'; उजवीकडे कोरणाऱ्याच्या नांवापुढें 'स्कल्प्सिट' म्हणजे 'यानें कोरलें'. हीं लॅटिन क्रियापदें आंखूड करून लिहिलेलीं असतात. त्यांतील पहिलें आमच्या पिश् (पिंशति) या वैदिक धातूचें सगोत्र आहे. सजविणें, घडविणें हा त्याचा अर्थ. आमच्या लिख् धातूचा मूळ अर्थहि ओरखडणें असाच असल्यामुळें, 'चित्र लिहिलें' हा जुना प्रयोग कोरींव चित्रास अक्षरशः लागू पडतो. असो. या ओळीखालीं बहुधा नोंदणीचें वाक्य असतें. १८०२ च्या कायद्यानें छापील चित्रांस मालकीहक्क मिळाला व तशी सूचना चित्रावर छापणें आवश्यक झालें. ही नोंद जिल्हा कोर्टाच्या कचेरींत केल्याचें लिहिलें असेल तर ती १८७० पूर्वींची. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या अधिकाऱ्याकडे केल्याचें लिहिलें असेल तर त्यानंतरची. आणि केवळ मालकीहक्क, वर्ष व नांव एवढाच आंखूड मजकूर असेल तर १८७४ नंतरची. मात्र हें वर्ष नोंदणीचें आहे, हातांतील प्रतीचें नव्हे. पत्रा टिकेल तोंवर त्याच वर्षाची ओळ घेऊन प्रती निघत राहतात. तांब्यापोलादाच्या छापाभोंवतीं पत्र्याच्या कडेचा दाब कागदांत उमटतो, दगडाच्या किंवा लांकडाच्या छापास तो नसतो. आणि भिंगाखालीं सारख्या अंतराचे ठिपके दिसले तर ती छायाचित्रावरून केलेली मागाहूनची प्रत समजावी.

आणखी एक खूण. छाप हा पत्र्याच्या उलट निघतो. नकल करणाऱ्यानें समोरचा छाप जसाच्या तसा पत्र्यावर कोरला, तर त्याचा छाप डावाउजवा उलटलेला निघतो. तरवार डाव्या हातांत, कोटाच्या गुंड्या भलत्या बाजूस, असें दिसलें कीं आपण मूळ चित्रापाशीं नसून नकलेच्या नकलेपाशीं आहों असा संशय घ्यावा.

आतां अशा एका चित्रपरंपरेकडे वळूं, जींत वंशावळ नीट मांडतां येते, आणि जी मांडल्यावर संशोधकांच्या एका आवडत्या नियमास धक्का बसतो. ५ मार्च १७७० च्या रात्रीं बॉस्टन शहरांत इंग्रज शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या व पांच माणसें मेलीं. त्यांत क्रिस्पस अटक्स नांवाचा एक खलाशी होता. त्याचें रक्त आफ्रिकन व तद्देशीय असें मिश्र होतें. हेन्री पेल्हम या तरुणानें प्रसंगाचें रेखाटन केलें. तें पॉल रिव्हियर या सोनारानें पाहिलें व स्वतःच कोरून तीन आठवड्यांच्या आंत विक्रीस काढलें. पेल्हमनें २९ मार्च रोजीं त्याला लिहिलेलें संतापाचें पत्र उपलब्ध आहे. हमरस्त्यावर लुटल्यासारखें आपणांस वाटतें, अशी त्याची तक्रार आहे. रिव्हियरच्या चित्रांत शिपाई कवायतीसारखे एका रांगेंत उभे आहेत, त्यांचा कप्तान मागून तरवार उगारून हुकूम देत आहे, कचेरीवर 'खाटीकखाना' अशा अर्थाची पाटी लटकते आहे, रात्रीच्या प्रसंगावर निळें आकाश पसरलें आहे, आणि मेलेले सर्व गोरे आहेत. अटक्स कोणता हें ओळखण्यास कांहीं साधन नाहीं.

खटला त्याच वर्षाच्या अखेरीस चालला. शिपायांचें वकीलपत्र जॉन अॅडम्स यानें घेतलें होतें. कप्तान निर्दोष सुटला. आठ शिपायांपैकीं सहा सुटले, दोघांस सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग देऊन सोडलें. रांगेंत उभें राहून हुकुमानें गोळ्या झाडल्या हें न्यायालयांत सिद्ध झालें नाहीं. परंतु अँड्र्यू नांवाच्या एका गुलामाची सविस्तर साक्ष त्या कागदांत आहे. एक धिप्पाड माणूस लांकडी दांडकें घेऊन पुढें घुसला, त्यानें शिपायाच्या बंदुकीवर घाव घातला व डाव्या हातानें संगीन धरून ओढली. आणि तो माणूस म्हणजे नंतर मारला गेलेला मिश्रवर्णी इसमच, असें त्यानें सांगितलें. अॅडम्सनें आपल्या भाषणांत याच माणसाच्या नुसत्या दर्शनानें कोणासहि भय वाटलें असतें असा मुद्दा मांडून शिपायांचा बचाव केला.

पुढें पाऊणशें वर्षें रिव्हियरचीच प्रतिमा अमेरिकेंत चालली. १८५६ च्या सुमारास बॉस्टनच्या जॉन बफर्ड यानें विल्यम चॅम्पनी याच्या रेखाटनावरून एक रंगीत शिळाछाप काढला, आणि त्यांत सर्व मांडणी पालटली. मधोमध काळा अटक्स आहे; त्याचा हात शिपायाच्या बंदुकीवर आहे आणि गोळी लागून तो कोसळत आहे. हा पालट कशानें झाला? १८५० मध्यें पळालेल्या गुलामांस पकडून परत देण्याचा कडक कायदा झाला होता, १८५४ मध्यें अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामास बॉस्टनच्या रस्त्यांतून फौजेच्या पहाऱ्यांत बंदरावर नेलें होतें, आणि विल्यम कूपर नेल या कृष्णवर्णी इतिहासलेखकानें १८५१ पासून अटक्सच्या स्मारकाची खटपट चालविली होती. विधिमंडळानें त्याचा अर्ज फेटाळला. १८५५ मध्यें नेलचा क्रांतियुद्धांतील कृष्णवर्णी देशभक्तांवरील ग्रंथ निघाला, त्यांतहि अटक्सच्या मृत्यूचें चित्र आहे. या देशासाठीं प्रथम रक्त सांडणारांत आमचा माणूस होता, मग आम्ही येथले नागरिक कसे नव्हे, हा त्या मंडळींचा प्रश्न होता. १८५७ मध्यें देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें ड्रेड स्कॉटच्या निकालांत नागरिक नव्हेत असेंच उत्तर दिलें. अटक्स व त्याचे सोबती यांचें स्मारक बॉस्टनच्या मैदानांत उभें राहण्यास १८८८ साल उजाडलें.

आतां प्रमाणाचा विचार करूं. तीन आठवड्यांच्या आंतील समकालीन चित्र एकीकडे आणि शहाऐंशीं वर्षांनंतरचें, उघड हेतूनें काढलेलें चित्र दुसरीकडे. आपला नित्याचा नियम लावला तर पहिलें ग्राह्य व दुसरें प्रक्षिप्त. परंतु अटक्स तेथें होता कीं नाहीं व तो काय करीत होता, या मुद्द्यावर शपथेवरील साक्षीशीं जुळतें तें मागाहूनचें चित्र. समकालीन चित्रानें तो मुद्दा गाळला. दुसऱ्या चित्रांतहि पक्षपात आहेच, कारण दांडक्याचा घाव त्यांत दिसत नाहीं. तात्पर्य, चित्राचें वय हें त्याचें प्रमाणपत्र नव्हे. ज्यास पोथ्यांचा पाठभेद ठरविण्याची संवय आहे त्यास हें ठाऊक असतें कीं अर्वाचीन प्रतींत कधीं कधीं जुना पाठ टिकून असतो, कारण तिच्या लेखकापुढें दुसरीच मातृका होती. चॅम्पनीच्या चित्रामागें रिव्हियरचा पत्रा ही एकच मातृका असती, तर हा हात त्या बंदुकीवर आला नसता.

याच शहराच्या बंदरांतील चहाचा प्रसंग अधिक सरळ आहे. १६ डिसेंबर १७७३ च्या संध्याकाळीं ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या सुमारें ३४० पेट्या तीन जहाजांवरून समुद्रांत टाकल्या गेल्या. चहा चीनचा, कंपनी मात्र आपल्या ओळखीची. ज्या कर्जबाजारीपणामुळें तिला हा चहा अमेरिकेंत खपवावयाचा होता, त्याच कारणानें १७७३ चा नियामक कायदा होऊन हिंदुस्थानांतील तिच्या कारभारावर पार्लमेंटची देखरेख आली. आणि मुंबईकरांनीं राघोबादादाशीं सुरतेस ६ मार्च १७७५ रोजीं तह केला, त्यानंतर सहा आठवड्यांनीं लेक्सिंग्टनास पहिली गोळी सुटली. करियरचा १८४६ चा शिळाछाप या प्रसंगाचें सर्वांत प्रसिद्ध चित्र होय. त्यांत लख्ख दिवस आहे, धक्क्यावर लोक टोप्या उडवून जयघोष करीत आहेत, आणि पेट्या फोडणारे अर्धनग्न, पिसें खोंवलेले आहेत. त्या प्रसंगीं स्वतः हजर असलेला चांभार जॉर्ज ह्यूज याच्या आठवणी १८३४ मध्यें छापल्या गेल्या. लोहाराच्या दुकानांत तोंडास कोळशाची पूड फांसली व एक लहान कुऱ्हाड घेतली, असें तो सांगतो. डिसेंबरच्या रात्रीं त्या बंदरांत उघड्या अंगानें कोणी काम केलें असेल, हें थंडीचा अनुभव असलेल्या कोणाहि बॉस्टनकरास पटण्यासारखें नव्हतें. तरी चित्र खपलें. करियरनें मथळा मात्र जुनाच ठेवला आहे, 'चहाचा नाश'. मेजवानीचें विनोदी नांव छापांत रूढ होऊन तेव्हां फार वर्षें झालीं नव्हतीं.

प्लिमथ येथील यात्रेकरूंच्या आगमनाचीं चित्रें तर असंख्य आहेत. खडक, त्यावर पाऊल ठेवणारी स्त्री, मागें मेफ्लॉवर जहाज. मूळ कागद पाहतां ११ डिसेंबर १६२० रोजीं उतरली ती पाहणीस निघालेली निवडक पुरुषांची नाव. जहाज व बायकामुलें त्या वेळीं उपसागरापलीकडे होतीं. खडकाचा उल्लेख समकालीन लेखांत नाहीं. टॉमस फॉन्स नांवाच्या चौऱ्याण्णव वर्षांच्या वृद्धानें १७४१ मध्यें तो प्रथम दाखविला. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याची स्वहस्तलिखित बखर क्रांतियुद्धाच्या धामधुमींत बॉस्टनहून नाहींशी झाली होती. ती १८५५ मध्यें लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथसंग्रहांत सांपडली, १८५६ मध्यें छापली गेली, आणि १८९७ मध्यें मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली. म्हणजे शतकाच्या पूर्वार्धांतील चित्रकारांपुढें ती नव्हती हें खरें. पण ती छापली गेल्यावरहि चित्रांतला खडक हलला नाहीं!

या प्रसंगाच्या तिथींतहि एक मौज आहे. जुन्या गणनेच्या ११ डिसेंबरास नव्या गणनेनें दहा दिवस मिळवून २१ यावयास पाहिजे. परंतु १७६९ मध्यें प्लिमथच्या मंडळींनीं उत्सव सुरू केला तेव्हां, १७५२ मध्यें इंग्रजांनीं अकरा दिवस गाळले होते हें ध्यानांत ठेवून, त्यांनीं अकरा मिळविले व २२ डिसेंबर धरला. सतराव्या शतकांत अंतर दहांचेंच होतें. सुरतकर इंग्रज व गोवेकर पोर्तुगीज यांच्या शिवकालीन पत्रांतील तारखा ताडून पाहतांना आपणांसहि हेच दहा दिवस सांभाळावे लागतात. चित्राखालीं ११, २१ कीं २२ यांपैकीं कोणता आंकडा आहे यावरून छापणाऱ्यानें कोणाचें अनुकरण केलें याचा माग लागतो.

पोकाहोंटस हिच्या चित्रांविषयीं थोडक्यांत सांगतों. तिला प्रत्यक्ष पाहून केलेलें चित्र एकच. तें सिमोन व्हॅन दे पास यानें १६१६ मध्यें, ती इंग्लंडांत असतां, कोरलें. त्यांत ती उंच टोपी व विलायती पोषाख घातलेली, ताठ व काहींशी थकलेली दिसते. पुढच्याच वर्षीं ती वारली. तिनें कॅप्टन जॉन स्मिथचे प्राण वांचविल्याची कथा स्मिथनें १६२४ च्या ग्रंथांत सांगितली; १६०८ च्या त्याच्या पहिल्या वृत्तांतांत ती नाहीं. १८७० च्या सुमारास न्यू इंग्लंडांतील एका कारखान्यानें काढलेल्या त्या कथेच्या रंगीत छापांत मागें डोंगर आहेत व कातड्यांचे निमुळते तंबू आहेत. व्हर्जिनियाच्या किनारपट्टींत डोंगर नाहींत, आणि तिचे लोक गवतकामटीनें शाकारलेल्या घरांत राहत. तसले तंबू फार दूरच्या पश्चिमेकडील मैदानांत. अमेरिकेच्या राजधानींतील घुमटाखालीं १८४० मध्यें लावलेलें चॅपमनकृत तिच्या बाप्तिस्म्याचें चित्र १८६३ च्या कायद्यानें निघालेल्या राष्ट्रीय बँकांच्या वीस डॉलरच्या नोटेवर कोरलें गेलें. त्याच मालिकेंत एक डॉलरवर प्लिमथचें आगमन, पांचावर कोलंबस, पन्नासावर यात्रेकरूंचें प्रयाण. नोटेची बनावट करणें कठीण जावें म्हणून रेघ जितकी सूक्ष्म तितकी चांगली, आणि त्या काळीं यादवी युद्धानें देश दुभंगलेला असल्यामुळें सर्वांस समान असा पूर्वजांचा काळ सरकारास सोयीचा. शंभर पुस्तकांनीं झालें नसतें इतकें या कथांचें स्थिरीकरण त्या नोटांनीं केलें, असा आमचा समज आहे.

या सर्वांहून निराळा वर्ग जॉन वॉर्नर बार्बर व बेन्सन लॉसिंग यांच्या चित्रांचा. बार्बरनें कनेक्टिकटची गांवेंच्या गांवें स्वतः हिंडून रेखाटलीं व १८३६ मध्यें छापलीं. लॉसिंग आठ हजार मैलांवर प्रवास करून क्रांतियुद्धाचीं रणस्थळें, जुनीं घरें व थडगीं पाहून आला, वृद्धांशीं बोलला, आणि १८५० ते १८५२ पर्यंत खंडशः निघालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें सुमारें अकराशें लांकडी ठसे दिले. दप्तरांसाठीं गांवोगांव पायपीट करणारे आमचे राजवाडे येथें सहज आठवतात. या चित्रांत प्रसंग नाहीं, स्थळ आहे; आणि तें चित्रकारानें पाहिलेलें आहे. त्यांतील अनेक वास्तु पुढें पाडल्या गेल्या, म्हणून आज हे ओबडधोबड ठसे भव्य पोलादी छापांहून मोलाचे ठरतात. बाजारांत मात्र त्यांस किंमत कमी, हें आमच्या संग्राहक मित्रांच्या पथ्यावर पडणारें आहे.

चौकटींत बसविण्यासाठीं खालचा समास कापलेली प्रत शक्य तों घेऊं नये. घेतली तर यादींत 'नांवाची ओळ नाहीं' अशी नोंद करावी. यादींत तीन वर्षें निरनिराळ्या रकान्यांत लिहावीं: प्रसंगाचें, मूळ चित्राचें व छापाचें. उदाहरणार्थ, करियरचा पेनचा तह: प्रसंग, परंपरेनें १६८२, छापावर चुकून १६६१, मूळ चित्र, वेस्ट, १७७१-७२, हॉलच्या १७७५ च्या पत्र्यामार्फत, छाप, आयव्हजचें नांव नसल्यामुळें १८५७ पूर्वींचा, शिळाछाप, रंग हातानें भरलेले, समास शाबूत.